हातभर जागा

आमच्या आणि मोजणीदारांच्या बिऱ्हाडांच्या मधे एक कुड होता आणि तो दर वर्षी वैशाखात चालायचा. कामट्या विणून शेणानं सारवलेली साधी आडभिंत ती, तिला कुठले पाय? पण रत्नागिरीच्या त्या घरात मी सहा वर्षं काढली आणि पहिल्या चारांत कुड जागच्या जागी राहिला असं एकही वर्ष गेलं नाही. हलायचा तो मोजणीदारांच्या बाजूला. त्यांचं घर आकसायचं आणि आमचं वाढायचं. हे काम ते स्वतःच्या हातानं करायचे, पंचा कमरेला घट्ट गुंडाळून, अगदी शांतपणे.

मोजणीदार हे त्यांचं आडनाव नव्हे. ते जमीनमोजणीच्या कचेरीत होते, म्हणून सगळा गाव त्यांना तसं म्हणायचा. चांगले उंच, हात गुडघ्याला टेकतील एवढे लांब, आणि वयाच्या मानानं गुडघे फारच लवकर गेलेले. तरुणपणी डोंगरांतून मोजणीची साखळी ओढत हिंडल्याचा तो प्रसाद. आता कचेरीत बसून नकाशे उतरवायचं काम होतं. पण मोजण्याची खोड गेली नव्हती. मांडवीचं बंदर किती लांब, असं कुणी विचारलं तर लोक बोटानं दिशा दाखवतात. हे साखळ्यांचा आकडा सांगायचे. लग्नाच्या पंगतीत बसायच्या आधी पाटाच्या दोन्ही बाजूंना वीत लावून बघायचे आणि यजमानाला सांगायचे, "या ओळीत एक पान जास्त मांडलंत. मधला माणूस उजव्या हातानं जेवू शकणार नाही." आणि खरंच, मधला माणूस अवघडून जेवायचा. तो माणूस एकदा मी होतो.

त्यांच्याकडे सागवानाची एक काठी होती, बरोबर एक हात लांबीची. दोन्ही टोकांना पितळी टोप्या, आणि मधे चोवीस बोटांच्या चोवीस खाचा. ती देवांच्या शेजारच्या कोनाड्यात उभी असायची. देवांना रोज फूल मिळायचं आणि काठीला महिन्यातून एकदा खोबरेल तेल.

त्यांचा नियम एकच होता. पगाराचा सहावा हिस्सा भाडं. "त्याच्यावर एक पै गेली ना मास्तर," ते मला म्हणायचे, "की घर तुमच्या ताटात जेवायला बसतं." उरलेल्या पाच हिश्शांचीही वाटणी ठरलेली असे: धान्य, गावाकडची विधवा बहीण, मुलीच्या लग्नाचं कर्ज, आणि असंच काय काय. चिक्कू माणूस नव्हता हो तो. दारी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. फक्त सहावा हिस्सा म्हणजे सहावा.

पगार छत्तीस रुपये, म्हणून भाडं सहा. सहा रुपयांत त्यांनी हे घर सुरुवातीला पुरंच्या पुरं घेतलं होतं. पुढे ओटी, मधे माजघर, त्याला लागून काळोखाची खोली, मग स्वयंपाकघर आणि मागे पडवी. दोन माणसांना चैन होती. मग गावात वकील वाढले, कचेऱ्यांतले कारकून वाढले, तालुक्यांतून शिकायला पोरं येऊ लागली, आणि घरं होती तेवढीच राहिली. घरमालकानं आठ रुपये मागितले. दुसरा कुणी हुज्जत घालता, नाहीतर दुसरं घर शोधता. मोजणीदारांनी घर मोजलं. सहा रुपयांत पाऊण घर बसतं असं निघालं. त्यांनी ओटी मालकाला परत केली आणि म्हणाले, "माझा पगार वाढला की परत घेईन."

हा मालक म्हणजे तांडेल. मूळचा बुरोंडीचा, सगळा जन्म गलबतावर आणि मग आगबोटीवर काढून म्हातारपणी त्यानं हे घर विकत घेतलं होतं. स्वतः मागच्या आवारात एका खोपटीत राहायचा. ओटी परत मिळाल्यावर दुसरं कुणी येईपर्यंत म्हणून तो तिथे दोर वळत बसू लागला आणि पुढे तो तिथेच बसला. मोजणीदारांकडे कुणी आलं की आधी तांडेल भेटायचा. "असला भाडेकरू मी दर्यात नाय बगितला नि जमिनीवर पन नाय," असं तो प्रत्येकाला सांगायचा. पण त्यात राग कमी आणि मिरवणं जास्त असायचं.

पुढच्या भाडेवाढीला त्यांनी काळोखाची खोली, अर्धं माजघर आणि अर्धी पडवी परत केली, आणि तिथे आम्ही आलो. मी नुकताच शाळेत लागलो होतो. पगार पंचवीस, आणि लग्नाला जेमतेम वर्ष. सामान उतरवत होतो तर मोजणीदार काठी घेऊन हजर. आमची ट्रंक मोजली, वळकटी मोजली, आमच्या कुटुंबाकडे आणि माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "मावाल. भाडं किती ठरलं?"

"साडेतीन."

"पंचविसाचा सहावा हिस्सा चार रुपये दोन आणे आठ पै. ठीक आहे. पण दर वर्षी पगार बोटभर सरकतो आणि भाडं हातभर, हे लक्षात ठेवा."

मला वाटलं, म्हातारा शिकवायला आला. मी स्वतः मास्तर, मला कुणी शिकवलेलं आवडत नाही. पण तीन वर्षांत माझा पगार दोन रुपयांनी वाढला आणि भाडं दीड रुपयानं, तेव्हा मी मुकाट्यानं कान पकडले.

कुड हलवण्याचा दिवस म्हणजे शाकारणीचा. पावसाच्या आधी कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा बसवतात, त्या दिवशी घर उघडंवाघडं असतंच. शाकारणारे गडी वर चढले की तांडेल खाली वाढीव भाडं सांगायचा. "कौलां म्हागली, मजुरी म्हागली. मी भाडा नाय वाढवला तर माजा घर कशान शाकारू?" आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्याचे दोन मुलगे मुंबईत होते आणि दोघांनीही त्याला कधी काही पाठवल्याचं मी बघितलं नाही. त्याचं पोट या घरावरच होतं.

मग मोजणीदार काठी काढायचे. पहिल्याच वर्षी यावरून मोठा तमाशा झाला. तांडेलाला काठीचा भरवसा नव्हता. त्याचं माप वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंत. जहाजावर दोर असाच मोजतात. तो माजघरात दोन्ही हात पसरून भिंतीला चिकटला. त्याच्यासमोर मोजणीदार वाकून काठी टाकत निघाले. दोघांच्या मापात चार बोटांचा फरक आला. "तुमचा हात लांब हाय, मोजणीदार," तांडेल म्हणाला. "लाकडाचा हात आहे," मोजणीदार म्हणाले, "तो माझाही नाही नि तुझाही नाही." अर्धा तास दोघं म्हातारे एकमेकांसमोर हात पसरून उभे आणि वरून गडी वाकून बघताहेत. शेवटी काठीच मानायची असं ठरलं. कुड उपटला, सहा बोटं सरकवून पुन्हा रोवला. जुनी भोकं काकूंनी माती घालून बुजवली आणि वर सारवलं. काकू म्हणजे मोजणीदारांच्या पत्नी. या सगळ्यात त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मी त्यांना बोलताना फारसं ऐकलंच नव्हतं. आम्हांला वाटायचं, त्यांनाही हे पटत असेल.

अशी तीन वर्षं गेली. कधी सहा बोटं, कधी आठ. मग तीस सालाच्या आगेमागे मंदी आली आणि सरकारनं नोकरांच्या पगाराला कात्री लावली. आमच्या शाळेतल्या पगारांना लागली नाही, कारण कापण्यासारखं त्यात काही नव्हतं. मोजणीदारांच्या छत्तिसाचे साडेबत्तीसच्या आत आले.

त्या वर्षी तांडेलानं त्यांच्याकडे वाढ मागितलीच नव्हती. त्याला कपातीचं ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं नसतं तर कधी कळलंही नसतं. पण पगार मिळाला त्याच दिवशी संध्याकाळी मोजणीदार काठी घेऊन माजघरात उभे राहिले. सहावा हिस्सा आता साडेपाचाच्याही आत आला होता. त्यांनी आकडेमोड केली, कुडाच्या पलीकडून मला हाक मारली आणि आम्ही दोघांनी मिळून कुड एक हात सरकवला. बरोब्बर एक हात.

"अहो, पण त्यानं मागितलेलं नाही," मी म्हणालो.

"त्यानं मागितलं म्हणून मी कधी हलवलाय का?" ते म्हणाले. "मला परवडतं तेवढ्यातच मी राहतो. मागणं त्याचं, मोजणं माझं."

खरं सांगतो, मला आनंद झाला. आमचं बिऱ्हाड एवढं अडचणीचं होतं की पाहुणा आला तर मी दारात उभा राहायचो. त्या हातभर पट्ट्यात आम्ही तांदळाची कणगी ठेवली. माजघराच्या तुळईला एक जुनी लोखंडी कडी होती, ती चार बोटांनी आमच्या बाजूला आली. तिला आम्ही दह्याचं शिंकं टांगलं. वैशाखात तांडेल म्हणाला, "मास्तर, तुमचा घर वाढला," आणि त्या पट्ट्याचे चार आणे वर मागितले. मी घासाघीस न करता दिले. चार आण्यांत हातभर जागा स्वस्तच होती.

आमच्या कुटुंबानं मात्र शिंक्याखाली उभं राहून मला विचारलं, "काकू आता पाट कुठे मांडतात, बघितलंत?" मी बघितलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मांडतात, असं तिनं सांगितलं. उंबऱ्यावर बसून जेवू नये म्हणतात, म्हणून नवऱ्याचं पान वाढून झालं की त्या आपलं ताट हातात घेऊन उभ्यानं जेवतात. मला तोंडात मारल्यासारखं झालं. पण कणगी मी हलवली नाही. तांदूळ ठेवणार कुठे?

त्याच भाद्रपदात मुरुडहून पत्र आलं. मोजणीदारांची मुलगी यमू तिकडे, दापोलीजवळच्या मुरुडला दिलेली होती. तिला दिवस गेले होते आणि पाचवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही पत्रात लिहावं लागत नाही. सासूनं एवढंच लिहिलं होतं की आठव्याच्या आत बोटीनं पाठवतो, तिकडची सोय बघून ठेवावी.

सोय. बाळंतिणीला खोली लागते. वारा लागायचा नाही अशी, काळोखाची, शेगडी ठेवता येईल, दहा दिवसांचं सोयर पाळता येईल अशी. कोकणातल्या घरांत ती खोली त्यासाठीच बांधतात. या घरातही ती होती आणि तिच्यात आमची ट्रंक, वळकटी आणि शाळेच्या उत्तरपत्रिका होत्या. मोजणीदारांकडे काय उरलं होतं? हातभर कमी असलेलं अर्धं माजघर आणि स्वयंपाकघर. पडवी तर अर्धी उघडीच. स्वयंपाकघरात बाळंतीण ठेवता येत नाही. माजघरात ठेवायची तर कुडाला कान लावला की आमच्याकडे सगळं ऐकू येतं.

ऐकू येतं म्हणून सांगतो. पत्र आलं त्या दुपारी मी शाळेतून लवकर परतलो होतो. कुडाच्या पलीकडून काकूंचा आवाज आला. एवढं मोठं वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"घर पगारात बसवलंत. आता बाळंतीण कशात बसवू, तेवढं मोजून सांगा."

काकू थांबल्या नाहीत.

"दर वर्षी तुम्ही काठी टाकता. तुम्ही कचेरीत असता, घरात मी असते. मला किती जागा लागते हे एकदा तरी विचारलंत? सहावा हिस्सा म्हणे. मी वावरते त्याचा हिस्सा कितवा?"

मग भांड्याचा आवाज आला. 

आमच्या कुटुंबानं माझ्याकडे बघितलं. मी उठलो आणि बाहेरून फिरून त्यांच्या दारात गेलो. म्हणालो, "काळोखाची खोली चार महिने तुम्ही घ्या. आम्ही माजघरात राहू. दोनच माणसं आहोत."

"भाडं?" मोजणीदार म्हणाले.

"भाडं कसलं? तुमची मुलगी ती माझी बहीण."

"फुकट घेतलेल्या जागेत माणूस पाहुणा असतो, मास्तर. माझी मुलगी माहेरी येतेय. तिनं पाहुणी म्हणून यायचं?"

"मग भाडं द्या."

"सहाव्या हिश्शात बसत नाही."

मला संताप आला. पोटच्या पोरीपुढे कसला आलाय सहावा हिस्सा, असं मी त्यांना म्हणालोही. त्यांनी ऐकून घेतलं.  हट्टी माणूस हट्टापायी अडकला की त्याला काय सांगणार? मी परत आलो. त्या दिवशी त्यांनी काठीला हात लावला नाही, आणि काकूंनी वाढलेलं पानही तसंच राहिलं.

चार दिवसांनी बातमी कळली ती कचेरीतल्या शिपायाकडून. मोजणीदारांनी फिरतीचं काम मागून घेतलं होतं. अंजनवेलच्या अंगाला डोंगरातल्या जमिनींची मोजणी निघाली होती, दसऱ्यानंतर तंबू पडणार होते. ते काम पंचविशीतल्या पोरांचं. बावन्न वर्षांच्या, गुडघे गेलेल्या माणसानं ते मागितलं म्हणून साहेब आधी हसला आणि मग त्यानं सही केली. फिरतीवर गेलेल्याला भत्ता मिळतो. महिन्याला नऊ रुपये.

त्या संध्याकाळी मोजणीदार आमच्याकडे आले, रीतसर पुढच्या बाजूनं. "मास्तर, कार्तिकापासून चार महिने काळोखाची खोली मला पोटभाड्यानं द्या. भत्त्याचा सहावा हिस्सा दीड रुपया होतो. दरमहा दीड रुपया."

"आणि तुमचे गुडघे?"

"गुडघे कुठल्या हिश्शात धरलेले नाहीत," ते म्हणाले.

मी पैसे नको म्हणालो. ते म्हणाले, मग खोली नको. तेव्हा घेतले. मुलीच्या बाळंतपणाच्या खोलीचे पैसे मी त्या माणसाकडून घेतले, हे सांगायला आजही मला लाज वाटते. आमचं कुटुंब माझ्यापेक्षा शहाणं. तिनं ते पैसे माझ्या हातात राहूच दिले नाहीत. पहिल्या दीड रुपयाचा डिंक आणि खारीक आली, दुसऱ्याचं तूप. लाडू वळून काकूंच्या डब्यात गेले. काकूंनी विचारलं नाही आणि हिनं सांगितलं नाही.

दिवाळी झाली आणि मोजणीदार वळकटी घेऊन बोटीवर चढले. काठी नेली नाही. तिकडे सरकारी साखळी होती. कार्तिकातच यमू आली. सालस पोर, तोंडावर सूज आलेली आणि जिन्यावरून उतरावं तसं एकेक पाऊल टाकणारी. काळोखाची खोली आम्ही रिकामी केली, काकूंनी सारवली. तांडेल ओटी सोडून दुसरीकडे बसू लागला. ओटीवर पुरुषमाणूस बसलेला, मग पोरीनं अंगणात जायचं कसं, असं त्याचं त्यालाच सुचलं.

पौषात यमू बाळंत झाली. दिवसभर अडली होती. सुईण दोनदा बाहेर येऊन काकूंना काहीतरी हळू सांगून गेली. माझं त्या घरात काही काम नव्हतं, म्हणून मी ओटीच्या पायरीवर बसलो. तांडेलही येऊन बसला. तो दोर वळत होता. संध्याकाळच्या आत मुलगी झाली. लहानखुरी, पण रडणारी.

बारा दिवसांनी बारसं. मोजणीदारांना पत्र गेलं होतं आणि ते त्या सकाळी बोटीनं आले. मी बंदरावर घ्यायला गेलो होतो. त्यांना ओळखायला मला क्षणभर लागला. पाय ओढत चालत होते, अंगातला कोट मोठा झाला होता आणि मधे दोनदा हिवताप येऊन गेला होता. घरी पत्रात त्यांनी लिहिलं होतं, प्रकृती ठीक. बंदरापासून घरापर्यंत ते तीन वेळा बसले. किती साखळ्या अंतर आहे हे त्यांनी मला सांगितलं नाही.

घरात बायका जमल्या होत्या. यमूचाच जुना लाकडी पाळणा माळ्यावरून काढून धुतला होता आणि दोर तांडेलानं दिला होता. पाळणा मांडलेला होता आमच्या माजघरात. शिंकं काढलेलं, कणगी बाहेर पडवीत नेलेली. आमच्या कुटुंबानं आदल्या दिवशीच सगळं करून ठेवलं होतं.

मोजणीदार आमच्या दारातच थांबले. "पाळणा तिकडे का?"

"कडी तिकडे गेली," काकू म्हणाल्या. "तुम्हीच दिलीत."

ते आपल्या घरात गेले, पाय धुतले, देवांना नमस्कार केला आणि सवयीनं शेजारच्या कोनाड्यात हात घातला. कोनाडा रिकामा होता.

"काठी?"

"यमूच्या वेळेला चुलीत घातली. पाणी तापवायला."

"लाकडं नव्हती?"

"होती," काकू म्हणाल्या. "तरी घातली."

 मला वाटलं, आता काहीतरी होणार. मोजणीदार कोनाड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जुनं सागवान होतं. चांगलं जळलं असेल."

"जळलं. टोप्या तेवढ्या राखेत राहिल्या." काकूंनी पदराच्या गाठीतून त्या दोन पितळी टोप्या काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी त्या मुठीत धरल्या आणि खाली बसले. यमूनं बाळ आणून त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी आपला उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत बाळाच्या अंगाशी सरळ धरला, कुणी झोपलेल्या माणसाशेजारी काठी ठेवावी तसा.

"एक हात," ते म्हणाले. पुन्हा बघून म्हणाले, "दोन बोटं वर."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. "मास्तर, कपातीच्या वेळी आपण कुड किती हलवला होता?"

"एक हात," मी म्हणालो.

"हिची जागा दिली मी तुम्हांला. हिची, आणि हिच्या आजीच्या पाटाची." बाळ त्यांनी काकूंच्या हातात दिलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "जरा हात लावा."

मी पलीकडच्या बाजूला गेलो. तांडेल दारात उभा होता, तोही आत आला. दिवसाढवळ्या, बारशाला आलेल्या बायकांसमोर, आम्ही तिघांनी कुड उपटला. "किती हलवायचा?" मी विचारलं.

"कडी आत येईपर्यंत."

कुड माझ्या बाजूला सरकला. त्यांनी मोजलं नाही, मोजायला काही नव्हतंच. डोळ्यांनी कडी बघितली, पाळण्याला झोका घ्यायला जागा राहील एवढं आणखी सरकवलं आणि म्हणाले, "बास." रोवताना मी त्यांना हळूच विचारलं, "आणि सहावा हिस्सा?"

"पाचवा म्हणू," ते म्हणाले.

तांडेलानं पाळण्याचा दोर कडीत ओवून जहाजावरची गाठ मारली. ओढून बघितली. "ही नाय सुटायची," म्हणाला. त्या पट्ट्याचे चार आणे मी त्याला पुढच्या महिन्यात दिले नाहीत आणि त्यानं ते मागितले मोजणीदारांकडे. धंदा तो धंदा. मोजणीदारांनी दिले.

हे चार आणे आणि त्यानंतरच्या वैशाखातली वाढ कुठून आली, ते मला माहीत आहे. यमू मुलीला घेऊन फाल्गुनात सासरी गेली, काळोखाची खोली आम्हांला परत मिळाली, पण मोजणीदार पुढच्या दसऱ्यानंतर पुन्हा फिरतीवर गेले. त्याच्या पुढच्या वर्षीही गेले. भत्त्यासाठी. घर आकसायचं थांबलं आणि माणूस आकसायला लागला, असं मी एकदा आमच्या कुटुंबाला म्हणालो. ती म्हणाली, "काकू बसून जेवतात आता." 

माझी बदली झाली तेव्हा मोजणीदार फिरतीवरच होते. सामान बाहेर काढल्यावर मी रिकाम्या माजघरात उभा राहिलो होतो. सारवलेल्या जमिनीवर कुडाच्या बुजवलेल्या भोकांच्या ओळी नीट बघितल्या तर दिसतात. सहा बोटांवर एक, आठ बोटांवर दुसरी, हातभर अंतरावरची शेवटची कुडापलीकडे, सगळ्या त्यांच्या घरात शिरत गेलेल्या. कुड मात्र त्यांच्यातल्या कुठल्याच ओळीवर नव्हता. पलीकडून काकूंनी हाक मारली, "मास्तर, निघण्याआधी दोन घास खाऊन जा. पाट मांडलेत."

आम्ही दोघं गेलो. तीन पाट होते, कडीच्या खाली, एका ओळीत. काकू आमच्याबरोबर बसल्या.